गिरणी बंद पडली ते नऊ दिवस

आमच्या घराची आणि गिरणीची भिंत एकच होती. अलीकडे चूल, पलीकडे इंजिन. इंजिन चालू असलं की फळीवरचे पितळी डबे बारीक थरथरत आणि पाण्याच्या गुंडावरची ताटली किणकिणत राही. मी अभ्यास त्यातच केला, झोपले त्यातच. छपरातून बाहेर काढलेल्या धुराच्या नळीवर बाबांनी एक फुटका माठ उपडा बसवला होता. त्यातून पुक् पुक् पुक् असा आवाज निघे आणि तो शिवाराच्या टोकापर्यंत जाई. आवाज ऐकला की बायका टोपल्यांत दळण भरत. पिंपळगाव राजाहून आत वळलं की आमचं गाव. तेव्हा विजेचे खांब सडकेपर्यंत आले होते, तारा आल्या नव्हत्या. त्यामुळे पंचक्रोशीतल्या दोन-तीन गावांचं दळण आमच्याकडेच येई. घरातल्या प्रत्येक वस्तूवर पिठाची पातळ साय असे. आम्हा मायलेकींच्या पापण्यांवरसुद्धा. शाळेतल्या मुली मला म्हातारी म्हणत.

संक्रांतीनंतर आठ-दहा दिवसांनी बाबा गिरणीत खाली बसले. पडले असं नाही म्हणता येणार. पीठ कितपत बारीक येतं ते बघायला त्यांनी चिमूट हातात घेतली आणि ती चिमूट घेऊनच हळूहळू बसले. खामगावच्या दवाखान्यातून परत आणले तेव्हा त्यांचं उजवं अंग गेलेलं होतं आणि तोंडात एकच शब्द उरला होता: हाव, म्हणजे हो. पाणी देऊ का, हाव. दुखतं का, हाव. उशी काढू का, हाव. काढली की डोळ्यांत पाणी. सुरुवातीला आम्हाला वाटलं, निदान हो-नाही तरी कळतं आहे. एक दिवस माय त्यांच्या खाटेजवळ बसून म्हणाली, मी तुमची बायको ना? हाव. मग थोडं थांबून तिनं विचारलं, मी तुमची सासू ना? हाव. ती हसली. हसता हसता पदर तोंडाला लावून उठली आणि चुलीपाशी जाऊन बराच वेळ पाठमोरी बसून राहिली.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरी तळाला गेल्या होत्या. गावातली निम्मी माणसं, त्यात बायाच जास्त, सडकेवर खडी फोडायला जात. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी मिळे. त्याची भाकर तव्यावर टाकेपर्यंत चिरा पडत आणि खाताना घशात अडके. सोबत वाळवलेल्या अंबाडीची भाजी नाहीतर नुसता ठेचा. पण तो मिलो दळायला तर हवाच. बाबा आल्यावर चौथ्या दिवशी मायनं लुगड्याचा काष्टा आवळला आणि गिरणीत गेली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. सोळा वर्षं भिंतीच्या अलीकडून ती इंजिन ऐकत आली होती, तेवढंच. पारावर बसलेली माणसं पहिले दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच घरच्या टोपल्या रांगेत होत्या.

इंजिन सुरू करणं हे अंगमेहनतीचं काम होतं. वरचा खटका उचलायचा, म्हणजे चाक हलकं फिरतं. हँडल लावून चाक फिरवत वेग द्यायचा. पुरेसा वेग आला की खटका खाली टाकायचा. मग आत हवा दाबली जाते, इंजिन एकदा अडखळतं, दुसऱ्यांदा खोकतं आणि तिसऱ्यांदा पेट घेतं. माय हँडल मारी आणि खटका मी टाकी. मी चौदा वर्षांची होते, आठवीत. शाळेत जायच्या आधी इंजिन सुरू करून देणं हे माझं काम झालं होतं. असे दोन महिने गेले. इंजिन जुनं होतं. बाबांनी ते एका जिनिंगवाल्याकडून वापरलेलंच आणलं होतं आणि दर उन्हाळ्यात ते काहीतरी दुखणं काढीच. पण सुरू होत नाही असं कधी झालं नव्हतं.

एका शनिवारी ते सुरू झालं नाही. मायनं हँडल मारलं, मी खटका टाकला, चाक दोन फेरे फिरून थांबलं. पुन्हा. पुन्हा. दहाव्या वेळी तिचा दम तुटला. तेल पाहिलं, टाकी अर्धी भरलेली. टाकीतून पंपाकडे येणारी तेलाची नळी सोडून पाहिली, धार येत होती. हवा धरली असेल म्हणून तिनं बाबा करत तसं नळीचा नट ढिला करून बुडबुडे जाईपर्यंत तेल वाहू दिलं. तरीही काही नाही. बाहेर टोपल्यांची रांग लागली होती. उन्हं वर आली तशा बायका एकेक करून टोपल्या तिथेच ठेवून कामावर निघून गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा टोपल्या तशाच होत्या. जिनं तिनं आपली टोपली उचलून घरी नेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती जात्यांच्या घरघरीनं. किती तरी वर्षांनी गावात जाती निघाली होती. दिवसभर खडी फोडून आलेल्या त्या बाया पहाटे उठून पुन्हा दगड फिरवत होत्या. माय अंधारात जागीच होती. म्हणाली, "ऐकून राह्यली ना तू?" मी झोपेचं सोंग घेतलं.

त्याच दिवशी हँडल उलटं फिरलं. इंजिन पेट न घेता मागे झटका देतं तेव्हा असं होतं. ते मायच्या मनगटावर बसलं. मोडलं नाही, पण संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला. हळद-तेल लावून फडकं बांधलं. तेव्हापासून हँडल माझ्याकडे आलं. माझ्यात तेवढं बळ नव्हतं. चाकाला वेग येण्याआधीच माझे पाय जमिनीवरून सुटायचे.

चौथ्या दिवशी खामगावहून करीम मिस्त्री आले. बाबांचे जुने स्नेही. आल्या आल्या ते खाटेजवळ गेले, बाबांचा डावा हात दोन्ही हातांत घेऊन बसले आणि रडले. मग उठून बाह्या सारल्या आणि दिवसभर इंजिनाशी झटले. वरचं डोकं उघडलं, आत बोट घालून पाहिलं, चाक हातानं फिरवून कान लावला. दाब नाही, म्हणाले. आतल्या रिंगा झिजल्या, लायनरही झिजला, हवा दाबलीच जात नाही तर तेल पेटणार कसं. सगळं पुन्हा जोडून दिलं, हात धुतले, मायनं वाढलेली भाकर खाल्ली आणि जाताना उंबऱ्याशी थांबले. "बहन, झूट नाही बोलत. याच्यात आता काही राह्यलं नाही." मजुरीचा विषयसुद्धा त्यांनी काढू दिला नाही. तेच वाईट होतं. ज्याला आशा वाटते तो पैसे घेतो.

पाचव्या दिवशी मोठे बाबा आले, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मलकापूरला कापसाची दलाली करत. माणूस कनवाळू. आमच्याकडची रीत अशी की धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर यायचं नाही, बोलायचं नाही. म्हणून ते ओट्यावर बसून माझ्याशी बोलत आणि दाराआड उभी असलेली माय ऐके. त्यांनी सगळं ठरवूनच आणलं होतं. मंगळवारी एक ओळखीचा व्यापारी घेऊन येतो, इंजिन तो मोडीत नेईल. तुम्ही तिघं मलकापूरला चला, मागच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. नांदुऱ्याचं एक चांगलं स्थळ आहे, मुलाची किराण्याची दुकानदारी आहे, पोरीचंही उरकून टाकू. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दाराआडून काही आवाज आला नाही. मी विचारलं, माझी शाळा? ते म्हणाले, बेटा, बापाकडे पाह्य.

मी बापाकडे पाहिलं. आता माझीच सत्तरी जवळ आली, खोटं कशाला लिहू. त्या क्षणी मनात आलं की हा माणूस तेव्हाच गेला असता तर बरं झालं असतं. माणूस गेला असता तर रडून मोकळे झालो असतो. हे जे खाटेवर होतं त्याला ना विचारता येत होतं, ना त्याच्यावर रागावता येत होतं. हा विचार मी आजवर कुणालाही सांगितला नाही, नवऱ्यालाही नाही.

सहावा, सातवा, आठवा दिवस. माझ्या आठवणीत ते एकमेकांत मिसळून गेले आहेत. आम्ही बाबांना विचारून पाहिलं. माय एकेक नाव घेई. नोझल का? हाव. वाल का? हाव. पंप का? हाव. शेवटी तिनं त्यांच्या खांद्याला धरून हलवलं, "काऊन बोलत नाही हो तुमी? तुमाले सारं माहीत हाये." बाबांच्या तोंडाची डावी बाजू हलत राहिली. हाव, हाव, हाव. त्या दुपारी मी थकून हँडल टाकून दिलं तर मायनं मला मुस्काटात मारली आणि मग तेच हँडल उचलून इंजिनाच्या चाकावर तीन-चार घाव घातले. लोखंडावर लोखंड. तो आवाज भिंतीतून घरात गेला असणार, कारण आतून बाबा ओरडले. त्या ओरडण्यात शब्द नव्हता. आम्ही धावलो तर ते खाटेवरून अर्धे खाली लोंबकळत होते आणि डाव्या हातानं जमीन ओरबाडत भिंतीकडे सरकू पाहत होते.

परवा माझ्या नातवाचा जुना लॅपटॉप सुरू होईना. बटण दाबलं की पंखा क्षणभर फिरायचा आणि सगळं काळं. परीक्षेचं काम त्यातच अडकलेलं. पोरगा रडवेला झाला होता, पण हात शांत होते. त्यानं बॅटरी काढली, बटण बराच वेळ दाबून धरलं, मागचं झाकण उघडून आतली एक हिरवी पट्टी उपसली, तिची पिवळी टोकं खोडरबरानं घासली, पुन्हा बसवली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट काढायची, लावायची, सुरू होतं का पाहायचं. म्हणाला, "आजी, दोन गोष्टी सोबत बदलल्या की कशानं झालं ते समजतच नाही." आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही घाबरून सगळंच सोबत खोलत होतो.

रविवारी सकाळी मायनं शेजारच्या दोघींना बोलावलं. चौघींनी बाबांची खाट उचलून गिरणीत नेली आणि इंजिनाला लागून ठेवली. पाठीशी मिलोचं पोतं लावून त्यांना बसवलं. आजारी पडल्यापासून ते पहिल्यांदाच तिथे आले होते. ते बराच वेळ नुसते पाहत राहिले. आम्ही काही विचारलं नाही, विचारून काही हाती लागत नव्हतंच. मग त्यांनी डावा हात पुढे करून पंपाकडून नोझलकडे, म्हणजे इंजिनात तेल फवारणाऱ्या तोंडाकडे जाणारी बारीक पोलादी नळी धरली आणि मायकडे पाहिलं. मायनं मला खूण केली. मी हँडल फिरवलं. त्यांनी मान हलवली, मला जवळ बोलावलं, माझा हात ओढून त्या नळीवर ठेवला आणि माझी बोटं आपल्या बोटांनी दाबली. मायनं एका हातानं कसंबसं चाक फिरवलं. नळीत काही नव्हतं. आणि मग एकदम मला आठवलं की मी लहान असताना चालू इंजिनाच्या त्या नळीवर त्यांनी असाच माझा हात ठेवला होता आणि नाडी उडते तशी ती माझ्या बोटांखाली उडत होती. मी म्हणाले, "माय, नळी मेली हाये. तेल इथवर येतच नाही."

म्हणजे दुखणं पंपात किंवा पंपाच्या तोंडाशी. पण कुठे? बाबांनी हत्यारांच्या पेटीकडे हात केला. मी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पाने चाचपले, एक बाजूला टाकला, दुसरा टाकला, तिसरा उचलून माझ्या हातात दिला. तो पाना घेऊन मी एकेका नटाला लावून पाहू लागले. काहींना सैल होई, काहींना बसतच नसे. पंपाच्या डोक्यावरच्या एका जाड नटाला तो अगदी नेमका बसला. मी बाबांकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत, हावसुद्धा नाही. डोळे मिटून त्यांनी मान खाली केली.

नट निघाला. आतून एक स्प्रिंग आली, तिच्याखाली बोराच्या बीएवढा एक वाल, म्हणजे झडप. त्या वालाच्या बसायच्या जागी एक धागा होता. बारीक, तेलानं भिजलेला, हिरवा. त्याच्यामुळे वाल घट्ट बसत नव्हता आणि तेलाला पुढे जायला जोर मिळत नव्हता. खामगावहून येणाऱ्या डिझेलच्या डब्यात तळाला गाळ असे. इंजिनाला त्रास नको म्हणून माय ते आपल्या जुन्या लुगड्याच्या दुहेरी घडीतून गाळून टाकीत ओती. तिच्याच लुगड्याचा धागा होता तो. तिनं तो ओळखला. नऊ दिवसांत ती इतकी पांढरी पडलेली मी पाहिली नव्हती. ती बाबांच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्यांनी वाल माझ्याकडून घेतला, आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसला, त्यावर फुंकर मारली आणि मला परत दिला. इतकंच.

वाल बसवला, नट आवळला. हँडल फिरवताच नोझलमधून चर्रक् असा आवाज आला. नऊ दिवस तो आवाज नव्हता आणि तो नाही हेसुद्धा आमच्या ध्यानात आलं नव्हतं. तरीही इंजिन पेट घेईना. करीम मिस्त्रींचंही खोटं नव्हतं, दाब कमी होताच. माय उठली, चुलीवर पाण्याचं भगुणं ठेवलं. थंडीच्या दिवसांत बाबा इंजिनात कढत पाणी ओतत, ते तिला आठवलं. दोन भगुणी कढत पाणी ओतलं, हवा आत जाते त्या तोंडातून चमचाभर जाड तेल सोडलं. मग मी हँडलला, माय पलीकडच्या चाकाला, आपल्या एका चांगल्या हातानिशी. खटका कधी टाकायचा हे कळणारं कुणी उरलं नाही. बाबांनी हात पुढे केला आणि खटका धरला. आम्ही दोघींनी चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं, माझ्या डोळ्यांपुढे काजवे आले, आणि नेमक्या वेळी त्यांनी खटका टाकला. इंजिन अडखळलं. खोकलं. छपरावर माठातून काळा धूर सुटला आणि पुक्, पुक्, पुक्.

माय मटकन जमिनीवर बसली. शेजारच्या दोघी दारात हात जोडून उभ्या. बाबांनी दहा-बारा ठोके ऐकले असतील. मग त्यांनी हात लांब केला आणि खटका उचलला. इंजिन मेलं.

मला वाटलं, त्यांचा हात चुकला. मायलाही तसंच वाटलं. पण त्यांनी डावा हात हवेत गोल फिरवला. फिरवा, पुन्हा. माय म्हणाली, "आता नाही होणार माझ्यानं." त्यांनी पुन्हा हात फिरवला. मी हँडल उचललं. मला त्यांचा इतका राग आला होता की त्या रागानंच मी फिरवलं असेल. इंजिन सुरू झालं. त्यांनी पुन्हा बंद केलं. तेव्हा मला थोडं थोडं कळू लागलं. एकदा सुरू झालेलं इंजिन सुरू झालं असं ते धरत नव्हते. तिसऱ्या वेळी त्यांनी खटक्यावरचा हातच काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. मायनं ते पाहिलं. ती उठली, पदर खोचला, सुजलेल्या हातानं खटका धरला. मी एकटीनं हँडल मारलं. ते इंजिन आम्ही दोघींनी सुरू केलं. बाबांनी पोत्याला मान टेकली.

मंगळवारी मोठे बाबा व्यापाऱ्याला घेऊन आले तेव्हा सडकेवरच त्यांना माठाचा आवाज ऐकू आला. व्यापारी इंजिनाभोवती फिरला, चालू आहे तर आणखी बरं, म्हणाला. मोठे बाबा खाटेजवळ वाकून मायेनं म्हणाले, बापू, देऊन टाकू ना मग? बाबा म्हणाले, हाव. व्यापारी हसला. तेव्हा दाराआडून मायचा आवाज आला. "ते सगळ्यालेच हाव म्हणतेत. मले विचारा." मोठ्या बाबांनी तिचा आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. ते बरेच गोंधळले. मग जोडे घालून, व्यापाऱ्याला घेऊन ओट्याखाली उतरले आणि मला म्हणाले, नांदुऱ्याच्या लोकांना सध्या थांबा म्हणतो. मी दहावी झाले, पुढे बुलडाण्याला शिकून मास्तरीण झाले. इंजिन आणखी सहा वर्षं चाललं, बाबा त्यातली तीन होते.

पण मला आठवते ती मधली, सोमवारची सकाळ. मायनं मला उठवलं तेव्हा जात्यांचे आवाज यायचे होते. बाबांना हलवायचं नाही, असं ती पुटपुटली. आम्ही दोघीच गिरणीत गेलो. पाणी कढवून नेलं होतं. चौथ्या फेऱ्याला इंजिनानं पेट घेतला. फळीवरचे डबे थरथरू लागले असतील, ताटली किणकिणू लागली असेल. बाहेर कुणीतरी बाई दुसरीला हाक मारत होती. बाबांना कळलं असेल, ते वाट पाहत असतील, म्हणून मी धावत घरात गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी जवळ जाऊन वाकले. आजारी पडल्यापासून त्यांना कधी सलग झोप लागली नव्हती, जरा खुट्ट झालं की डोळे उघडत. त्या आवाजात, भिंतीला हात लावून, तोंड थोडं उघडं ठेवून, ते गाढ झोपले होते.